खिळ्याचा चिमटा

बॅनर छापायच्या दुकानात धाकट्याचं काम होतं कडेचं. मधलं सगळं मशीन छापायचं. हा ते फ्लेक्स मांडीवर ओढायचा, कडा दुमडायचा, गरम हवेच्या बंदुकीनं चिकटवायचा आणि कोपऱ्यात पितळी कड्या ठोकायचा. मोठमोठ्यांची थोबाडं दिवसभर त्याच्या मांडीवर लोळत. एखाद्याच्या हसऱ्या दातांशेजारी हातोडी हाणताना त्याला बरं वाटायचं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. शाळा अर्ध्यात सुटलेली, जीभ मात्र वस्तऱ्यासारखी. आणि वस्तरा चालवायला समोर कोण, तर शाईचे डबे.

मग त्याला ‘खुर्चीफोड’ सापडले.

तीन माणसं, एक फाटका सोफा आणि एक मोबाइल स्टँड, एवढाच त्यांचा पसारा. दर आठवड्याला एक सिनेमा घ्यायचा आणि त्याची सालटी काढायची. एकाला सगळे लठ्ठ्या म्हणत, दुसऱ्याला टकल्या, आणि तिसरा नुसता हसायचा म्हणून त्याचं नाव हशा. कोट्यवधी उधळून काढलेल्या सिनेमाला लठ्ठ्या एका वाक्यात झोपवायचा. धाकट्याला वाटलं, आपलं मन कुणीतरी माइक लावून बोलतंय. ज्यांना आपण मुकाट कड्या ठोकतो, त्यांना ही माणसं तोंडावर हाणतात!

खुर्चीफोडच्या चाहत्यांचा ऑनलाइन एक कट्टा होता. तिथं धाकट्याचं नाव ‘खिळा’. हे नाव थोरल्या भावानं ठेवलेलं. लहानपणी रुसला की हा उंबऱ्यात असा उभा राहायचा की ओढून हलायचा नाही. घरात आता कुणी त्या नावानं हाक मारत नव्हतं, पण कट्ट्यावर खिळ्याला मान होता. दुकानात ‘ए, ते रोल उचल’ ऐकून घेणाऱ्या माणसानं तिथं तोंड उघडलं की भलेभले सरकून बसत; कुणी कळवळून काही लिहिलं की खिळा त्याला सोलूनच काढायचा.

आणि कट्ट्यावर एक जुनं भांडण होतं, ते कधीच मिटायचं नाही.

मागे एकदा खुर्चीफोडनी कुणा नवख्याचा छोटासा सिनेमा घेतला होता. नेहमीसारखी टिंगल सुरू झाली आणि मध्येच लठ्ठ्या गप्प झाला. मग म्हणाला, “थांबा रे. हे चांगलं आहे.” हशासुद्धा हसायचा थांबला. पुढे त्यांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला, आणि त्या पोराचं नशीब फळफळलं.

“नाटक होतं ते,” करवत लिहायचा. करवत हा कट्ट्यावरचा खवट गडी, सगळ्यांना कापत सुटलेला. “तो पोरगा टकल्याचा कुणीतरी लागत असणार.”

“पुरावा दे,” खिळा लिहायचा.

“पुरावा काय द्यायचा? टकल्याला केस नाहीत याला पुरावा लागतो का?”

“अरे, डोळे बघ लठ्ठ्याचे त्या क्षणी. असे डोळे खोटे करता येत नाहीत.”

“तू काय डोळ्यांचा डॉक्टर का? बॅनर चिकटव जा.”

“माणसं खरी आहेत ती,” खिळा हट्टानं लिहायचा. “वाईटाला वाईट म्हणतात, पण समोर चांगलं आलं की मान तुकवतात. म्हणून तर आपण इथं पडलोय ना? नुसत्या शिव्याच ऐकायच्या तर माझा मालक काय वाईट आहे?”

त्यावर हसण्याच्या खुणांचा पाऊस पडायचा. निम्मा कट्टा त्याच्या बाजूनं, निम्मा करवतीच्या. पण विश्वास म्हणाल तर खिळ्याइतका कुणाचाच नव्हता.

थोरला शाळेची बस चालवायचा. पोरं उतरली की पुढच्या फेरीपर्यंत मोकळा. त्या मोकळ्या वेळात, सुटीत, आजारपणाची रजा टाकून, त्यानं मोबाइलवर एक सिनेमा काढला. त्यात एकच माणूस: आई.

आईनं उभं आयुष्य डेपोत बस धुतल्या होत्या. पाण्याचा पाइप, लांब दांड्याचा ब्रश, आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आता गुडघे गेले होते, तरी थोरल्यासाठी ती पुन्हा बूट घालून उभी राहिली. सिनेमात ती एक बस धुते. सगळी धुते. चाकं, काचा, मागचं धुराडं, पायऱ्या, कुणीतरी सीटला चिकटवलेलं च्युइंगम. कॅमेरा हलत नाही, घाई करत नाही. आणि सगळं झाल्यावर ती बूट काढते, आत चढते, खिडकीशी बसते. बस. डेपोत नियमच होता, ओल्या कपड्यांनी सीटवर बसायचं नाही. अन् धुणारीचे कपडे कोरडे असतात कधी? तिच्या हातून इतक्या सीटा चकचकीत झाल्या, पण तिथं टेकायला तिला कधी मिळालंच नाही. सिनेमातली बस जागची हलत नाही, तरी आई खिडकीतून असं बाहेर बघते की पाहणाऱ्याला वाटावं, निघाली.

धाकट्यानं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो उठून मोरीत गेला आणि उगाच नळ सोडून उभा राहिला.

पण पाहिला कुणी? थोरल्यानं स्पर्धांना पाठवला. उत्तरसुद्धा आलं नाही. इंटरनेटवर टाकला, पाहणारे म्हणजे शेजारी, शाळेतली मावशी आणि हे घरातलेच परत परत.

एका रविवारी सकाळी थोरला दाढी करता करता म्हणाला, “हा कुणी धड बघितला ना, तर पुढचा काढीन. डोक्यात आहे. नाहीतर बास झालं. बस हाकायची, गप पडायचं.”

“असं काय बोलतोस, दादा?”

“मग कसं बोलू? गाऊन दाखवू?” थोरला आरशातच बोलला. “आईला उगाच ओलं केलं रे मी या वयात.”

ते वाक्य धाकट्याला लागलं. त्यानं मनाशी ठरवलं, दादाचा सिनेमा खुर्चीफोडपुढे ठेवायचा. लठ्ठ्या आईला खिडकीत बसलेली बघेल, गप्प होईल, आणि म्हणेल, ‘थांबा रे.’

पण खुर्चीफोडकडे सिनेमा पाठवायची एक रीत होती. ‘कृपया बघा, फार सुंदर आहे’ असं लिहिणाऱ्याची शिफारस थेट केराच्या टोपलीत. असल्या विनवण्यांचा ते कार्यक्रमात निराळा समाचार घेत. सिनेमा सुचवायचा तर सोबत चिमटा पाठवायचा, म्हणजे त्याच सिनेमाला हाणलेला एका ओळीचा टोमणा. टोमणा झोंबला, तरच तिघं सिनेमा लावणार. ज्याचा चिमटा उचलला जाई, त्याचं नाव शेवटी वाचलं जाई, आणि कट्ट्यावर त्याच्या नावापुढे मोडक्या खुर्चीचं चित्र लागे. मानाची खुर्ची म्हणत तिला. इतकी वर्षं घासून खिळ्याला ती मिळाली नव्हती.

तेव्हा प्रश्न असा की, आपल्याच आईला चिमटा काढायचा कसा?

धाकट्यानं मनाची समजूत घातली. चिमटा म्हणजे दाराची कडी वाजवणं. दार उघडलं की कडीला कोण विचारतो? दुकानात कडा दुमडता दुमडता ओळ सुचली, आणि सुचली ती इतकी चपखल की त्याला हसू फुटलं. हसू फुटल्याची लाज वाटली, तरी बोटं टाइप करतच होती: ‘बाईंची बस धुऊन होईपर्यंत ड्रायव्हर पेन्शनीत निघाला.’

पाठवली. खाली पाठवणाऱ्याचं नाव: खिळा.

शुक्रवारी दुपारी कार्यक्रम आला. दुकानात मशीनवर काम करणाऱ्या सोबत्याला धाकट्यानं ओढून आणलं. “बस इथं. आज काहीतरी होणार आहे बघ.”

“काय होणार? पगार वाढणार?”

“गप रे. बघ.”

पडद्यावर आई. रबरी बूट, पाइप. वर कोपऱ्यात सोफ्यावरचे तिघं. लठ्ठ्यानं आल्या आल्या चिमटाच वाचला, तो आईच्या चित्रावर पिवळ्या अक्षरांत उमटला, आणि हशा सोफ्यावरून खाली घसरला. टकल्यानं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. लठ्ठ्या म्हणाला, “चाक झालं. आता दुसरं चाक. बसला किती चाकं असतात रे? अरे देवा, मागं डबल असतात!” ते त्या ओळीवरूनच उड्या मारत राहिले. ड्रायव्हर पेन्शनीत गेला, कंडक्टरची नात लग्नाला आली, बस भंगारात निघाली, बाई अजून धुतायत.

धाकटा वाट बघत होता. आता पायऱ्या होतील. आता च्युइंगम. मग बूट काढेल. गप्प होतील, आता होतील.

च्युइंगमापाशी लठ्ठ्यानं सिनेमा बंद केला. “पुढचं बघायचं असेल त्यांनी नातवंडांना सांगून ठेवा,” तो म्हणाला. “आणि आजची मानाची खुर्ची, अर्थातच, आपला जुना गडी खिळा! खिळ्या, जीव ओवाळून टाकावा असा चिमटा, बाबा.”

सोबत्यानं पाठीत दणका घातला. “अरे, तुझं नाव! चहा सांग की!” मग त्यानं पडद्याकडे पुन्हा पाहिलं. “ही बाई कुठंतरी पाहिलीय मी.”

“नाही पाहिलीस,” धाकटा म्हणाला.

मोबाइल थरथरत होता. कट्टा त्याच्यावर फुलं उधळत होता. ‘बस धुतली का?’ ही नवी हाक निघाली होती. कुणाचं काम रेंगाळलं, ‘बस धुतली का?’ कुणाची बायको आवरायला वेळ लावते, ‘बस धुतली का?’ ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी बस धुतली नसेल, ती सगळी हरामखोर गँग आता बस धूत होती.

तिन्हीसांजेला धाकटा घरी आला तेव्हा थोरला खुर्चीत बसून होता, गणवेशातच. मोबाइल पालथा. आई आत भांडी विसळत होती.

“शाळेतली मावशी सांगत आली,” थोरला म्हणाला. “म्हणाली, तुझा सिनेमा गाजतोय, हजारो लोक बघतायत. मी बस कडेला घेतली आणि लावला. पोरं होती आत. पोरांनी पण बघितला.”

“दादा, ऐक...”

“चिमटा कुणाचा, ते ऐकलं मी.”

“दादा, असं लिहिल्याशिवाय ते बघतच नाहीत! रीत आहे ती त्यांची. मला वाटलं, ते शेवटपर्यंत बघतील आणि...”

“आणि?”

लठ्ठ्याचे डोळे, तो गप्प झाल्याचा क्षण, करवतीशी घातलेली भांडणं, हे सगळं या खोलीत बोलायचं म्हणजे शेण खाऊन वर ढेकर दिल्यासारखं होतं.

आई हात पुसत बाहेर आली. “काय झालं रे? भांडताय कशाला?”

“काही नाही, आई,” थोरला म्हणाला. “तुझा सिनेमा लोकांनी पाहिला.”

“खरंच?” ती खुलली. “काय म्हणाले?”

आईनं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग म्हणाली, “लांबला का फार? मी तुला म्हटलं होतं, चाकं एवढी नको धुवायला. कामावर तर मी भराभर धुवायचे.” आणि ती आत गेली.

धाकट्यानं बाहेर जिन्यात बसून कट्ट्यावर सगळं खरं लिहून टाकलं. ती माझी आई आहे. सिनेमा माझ्या भावाचा आहे. शेवट पाहिलाच नाही तुम्ही, कृपया पाहा. टिंगल थांबवा.

पहिलं उत्तर करवतीचं आलं. “भाऊ, दंडवत! पहिल्या चिमट्याहून हा भारी. ‘कृपया पाहा’!”

“मस्करी नाही करत, करवत. देवाशपथ.”

“कळलं रे, नटसम्राटा. रडून दाखव आता.”

“खरं सांगतोय.”

“डोळे दाखव तुझे. डोळे खोटे करता येत नाहीत, तूच म्हणायचास.”

हसण्याच्या खुणांचा तोच पाऊस. जितकं तो कळवळून लिही तितका कट्टा लोळे. खिळा खरं बोलतो यावर विश्वास ठेवायला तिथं कुणी नव्हतं, कारण कट्ट्याला त्यानंच शिकवलं होतं की कळवळून बोलणाऱ्याला कसं सोलायचं. त्यानं खुर्चीफोडना थेट लिहिलं, व्हिडिओ काढा. त्यांचं उत्तर आलं, आणि ते गोड होतं: आईंना घेऊन या ना स्टुडिओत, आपला सोफा धुऊन घेऊ, धमाल भाग होईल.

त्यानं मोबाइल जिन्यावर आपटला. काच तडकली, मोबाइल चालूच राहिला.

तो वर गेला तेव्हा थोरल्याचं काम उरकलं होतं. इंटरनेटवरून सिनेमा काढलेला. जुन्या लॅपटॉपमधून पुसलेला. मोबाइलमधली मूळ चित्रणंसुद्धा गेली.

“दादा, काय केलंस हे! शेवट तरी ठेवायचास!”

“कशाला?” थोरल्याचा आवाज चढलासुद्धा नाही. तो ओरडला असता, दोन ठेवून दिल्या असत्या, तर धाकट्याला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं. “सकाळी लवकर फेरी आहे. दिवा घालव.”

त्यानंतर दोघं भाऊ एकाच खोलीत राहतात. बोलणं होतं, नाही असं नाही. किल्ली कुठंय, पाणी आलं का, आईची गोळी संपली. बसच्या पोरांनी थोरल्याला काही दिवस ‘बस धुतली का काका?’ करून बेजार केलं, मग तीही कंटाळली. दुसरा सिनेमा डोक्यात होता म्हणे. कशाबद्दल होता, हे धाकट्यानं अजून विचारलेलं नाही, आणि आता विचारायला तोंड नाही. आई अधूनमधून म्हणते, “मला एकदा लाव रे तो माझा, बसमध्ये बसलेय तो.” थोरला म्हणतो, लावू. धाकटा चपला घालून बाहेर पडतो.

धाकट्यानं कट्टा सोडला. पण खुर्चीफोडचा तो भाग तेवढा त्याला सोडता येत नाही. आईचा सिनेमा आता जगात तेवढाच उरलाय, बुटांपासून च्युइंगमापर्यंत. दुपारी मशीन चालू असलं की तो फ्लेक्सच्या ढिगामागे बसून आवाज बंद करून बघतो. हसणं ऐकू येत नाही. आई वाकते, चाकावर ब्रश फिरवते, कंबरेवर हात ठेवून सरळ होते. तिच्या पाठीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत त्याची ओळ लिहिलेली आहे. ती वाकली की ओळ तिथंच राहते, आणि मागची आई दिसायला त्याला मान तिरकी करावी लागते.

“ए,” मालक ओरडतो, “कड्या ठोकतोस का येऊ तिकडं?”

तो ठोकायला घेतो.