मामाजींनी वाचलेला हुकूम

"याही शनिवारी नाही जमत, पुढच्या शनिवारी गावी जाऊ," असं मी यांना सांगत होते आणि फोन आला… मामाजी गेले. महिना झाला, माझा स्वतःवरचा राग काही गेलेला नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. तहसील कचेरीत कारकुनी करण्यात जन्म गेलेला. तेलंगणातल्या, बेल्याकडच्या आमच्या मराठी गावात कुणाचाही सरकारी कागद आला की आधी त्यांच्या ओसरीवर यायचा. तेलुगूत लिहिलेलं मामाजी मराठीत सांगणार, मग गावाला कळणार. लग्नानंतर नऊ वर्षं मी त्याच घरात राहिले. छळ कसला? शब्दानंही कुणी दुखावलं नाही. पण भाजीत मीठ किती, लेकराला स्वेटर कधी, सगळं सासूबाई ठरवणार! मला माझी वेगळी चूल हवी होती, बस्स.

मग आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नव्या जिल्ह्यात कोण जातं, असं यांच्या कचेरीत विचारलं. मी टुमणं लावून यांना नव्या निर्मल जिल्ह्यासाठी बदलीचा अर्ज करायला लावला, लिहिलाही मीच. घरी मात्र सांगितलं, सरकारनं बदली केली. हुकूम आला तसा मामाजींनी सवयीनं हात पुढं केला. त्यात 'स्वतःच्या विनंतीवरून' असं स्वच्छ लिहिलेलं असणार, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं! त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं… मग घडी घालून कागद माझ्या हातात देत म्हणाले, "तबादला हाय, सुनबाई. जा लागते."

त्यानंतर दर भेटीत वाटायचं, खरं सांगून टाकावं. राहूनच गेलं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी म्हनलं, सून आपल्याले कटाळून गेली. तर हे म्हनत, नाई, म्याच बदलीची दरखास्त देवाले लावली पोराले. तवापासून धड बोलली नाई मी त्यायच्यासंगं."

इतकी वर्षं मामाजी स्वतःचा चहा स्वतः चुलीवरून घेताना मी पाहत होते. वाटायचं, म्हातारपणी होतं असं.

"आई, तो अर्ज मी लिहिला होता."

त्या भिंतीपासून सरळ झाल्या. "मंग हे काऊन बोलले नाई?"

माझ्यासाठी, माझ्यावर बोल येऊ नये म्हणून.

सकाळी उठून पाहिलं तर सासूबाई ओसरीवर, मामाजींच्या जागेपाशी बसलेल्या. समोर भरलेली बशी.

"घ्या नं जी," त्या म्हणत होत्या, "चहा थंडा हून राह्यला."