आमचे उभे व्याही

वर्धा जिल्ह्यात कुठेही काही बिघडलं, तर त्याला जबाबदार माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे व्याही. हे मी म्हणत नाही हो, माझी काय बिशाद! हे ते स्वतः म्हणतात. नळाला पाणी आलं नाही, एसटी वेळेवर आली नाही, पोराला सातचा पाढा आला नाही, कढीत मीठ जास्त पडलं, काहीही होवो, बाकीचे लोक एकमेकांकडे बोटं दाखवायला लागायच्या आत हा गृहस्थ ताठ उभा राहतो आणि म्हणतो, "चूक माझी हाये." आता मी पडलो जन्मभराचा सरकारी बाबू. 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय, की झोपेत हाक मारली तरी माझ्या तोंडून तेच निघतं, असं बायको सांगते. आमच्या कचेरीत जबाबदारी म्हणजे तापलेला तवा. हातात आला की पुढच्या टेबलावर सरकवायचा आणि चहाला जायचं. असल्या माणसाला असले व्याही मिळावेत, याला काय म्हणायचं?

त्यांचं पहिलं दर्शन घडलं ते लेकीच्या लग्नातच. नालवाडीत, आमच्या घराजवळच्याच सभागृहात लग्न होतं. शेवटची पंगत बसली आणि भात संपला. मुलीच्या बापाच्या आयुष्यात याहून वाईट क्षण नसतो. वराकडचे एक काका आवाज चढवू लागले, आणि सगळ्यांचे डोळे नवरदेवाच्या बापाकडे लागले. व्याही ताटावरून उठले. मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरले. ते सभागृहाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "भात काऊन संपला? मी सांगतल्यापेक्षा जास्त मान्सं घेऊन आलो म्हनून. चूक माझी हाये. नवा भात येतपर्यंत मी उभा राहतो." आणि खरंच राहिले की! भाताला शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तो काय कोणाची लाज धरून लवकर शिजत नाही. मी खुर्ची घेऊन धावलो, तर म्हणाले, "खुर्ची ने‌ऊन ठेवा इवाई. भात येऊ द्या." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. काकांचा आवाज खाली आला, वाढपी पळायला लागले, आणि माझी बायको डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पोरगी चांगल्या घरी पडली बाप्पा."

हे उभं राहणं म्हणजे त्या दिवसापुरता नखरा नव्हता, हे पुढे कळलं. व्याही वडनेरकडच्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. एक हे आणि एक तरुण मॅडम. अंगणात एक कडुनिंब. त्या शाळेत छडी नव्हती, अंगठे धरणं नव्हतं, ओरडणंही नव्हतं. घंटा झाली आणि एखादं लेकरू आलं नाही, की गुरुजी निंबाखाली जाऊन उभे राहायचे. ते लेकरू येईपर्यंत उभेच. पाठ सोडून नव्हे हं. वर्ग झाडाखाली घ्यायचे, पण उभ्याने. मी एकदा विचारलं, हा कुठला प्रकार? तर म्हणाले, "पोट्ट्याले उभं केलं त पोट्टं सुट्टीची वाट पाह्यते. मास्तर उभा राह्यला त सारं गाव विचार करते."

आणि गाव करायचं हो! मी डोळ्यांनी पाहिलंय. कापूस वेचणीचे दिवस होते, बाया सकाळीच वावरात निघालेल्या, आणि घरातली थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला म्हणून शाळेला दांडी मारून बसलेली. तेवढ्यात गल्लीतून आरोळी उठली, "गुरुजी उभे हायेत वो!" बस्स. साप निघाल्यावर पळतात तशी माणसं घराबाहेर आली. कोणाचं पोट्टं, कोणाचं पोट्टं, अशी विचारपूस झाली, आणि एक म्हातारी नातीचा हात धरून, कडेवर धाकट्याला घेऊन तरातरा शाळेत पोचली. "बसा ना बाप्पा आता गुरुजी! तुमी उभे राह्यले त आमाले घास उतरत नाई." गुरुजी म्हणाले, "तुमाले घास उतरला पाह्यजे म्हनूनच लेकरू शाळेत पाठवत जा, आजी." त्या धाकट्याला मग वर्षभर पहिलीच्या वर्गात एका कोपऱ्यात झोपायची परवानगी मिळाली, आणि पोरगी रोज आली.

मॅडम सुरुवातीला फार चिडायच्या. एकदा अख्ख्या तिसरीचा भागाकार चुकला आणि गुरुजी फळ्याजवळ उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही असे उभे राहिले की गावाला वाटते मी शिकवतच नाई. त्यांना घरी कोणी पाहत नाई, आपल्याला दहा प्रकारची माहिती भरायला लावतात, त्यात आपली काय चूक?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "मायबाप म्हनते मास्तरची चूक, मास्तर म्हनते सरकारची, सरकार म्हनते मायबापाची. लेकरू मधात फिरून राह्यलं. कोनाच्या तरी दाराशी थांबू द्या न त्याले." दुसऱ्या दिवसापासून मॅडम शाळा सुटल्यावर भागाकार घ्यायला थांबायला लागल्या. हे व्याही आमच्या घरी आले की मात्र बायकोची तारांबळ उडते. एकदा आमचा मोरीतला नळ गळताना पाहून ते तिथेच उभे राहिले, का तर म्हणे मागच्या खेपेला पाहिला होता आणि बोललो नव्हतो, सबब चूक माझी. प्लंबर येईपर्यंत आमच्या घरात कोणाची बसायची छाती झाली नाही.

असल्या माणसाशी मी भांडलो, तेही एकदाच. आमची नात संघमित्रा, म्हणजे मितू, सहा वर्षांची झाली. जावई हिंगणघाटला बँकेत, राहणं व्याह्यांच्या गावातच. माझ्या मनात कॉन्व्हेंट होतं. टाय, बूट, दारात येणारी पिवळी व्हॅन. मी नालवाडीतून बाटली-डबासुद्धा घेऊन ठेवला होता. व्याह्यांकडे गेलो, जयभीम झाला, चहा झाला, आणि मी विषय काढला. ते म्हणाले, "लोकायच्या लेकरायले मी इथं बोलावतो अन् आपलं लेकरू व्हॅनमंदी बसवतो, हे कसं जमते इवाई?" मी चिडून बोलून गेलो, "अहो, पण तिचं वाटोळं झालं तर जबाबदार कोण?" शब्द तोंडातून निघाल्याबरोबर जीभ चावली. हा प्रश्न कोणाला विचारत होतो मी! "मी," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवून उभे राहायला लागले. मी म्हटलं, बसा हो, बसा! झालं, मितूचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलं.

ती रमलीही तिथे. पण व्हॅन गावात येतच होती, आणि दरवर्षी शाळेतली मुलं कमी होत होती. मग बोलवा उठली, की ही शाळा बंद करून मुलांना नाल्यापलीकडच्या गावात घालणार. पावसाळ्यात नाला भरला की लहान लेकरं, त्यातूनही मुली, घरीच बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. व्याह्यांच्या निवृत्तीचं वर्ष होतं. ज्या पोरींसाठी ते जन्मभर निंबाखाली उभे राहिले, त्यांचीच शाळा त्यांच्या मागे राहते की नाही, याचा घोर त्यांना लागला होता. अशात एक दिवस मोठे साहेब शाळेचा दर्जा पाहायला येणार असं कळलं. त्यांच्या शेऱ्यावर सगळं होतं. त्या दिवशी मीही तिथे होतो, कारण मितूने फोनवर बजावलं होतं, "आजोबा, माही शाळा पाह्याले या."

साहेब भला माणूस होता, दमलेला होता, पण भला होता. मुलांनी पाढे म्हटले, गणितं केली, एकाने तर साहेबांचीच बेरीज दुरुस्त केली. मी मनात म्हटलं, जिंकलं! आणि साहेबांचं बोट मितूवर आलं. "बेटा, तू वाच." आता ही पोरगी घरी बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं सोडत नाही, माझ्या पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचून बायकोचा जीव घाबरा करते. पण ती पुस्तक उघडून उभी राहिली, आणि पुस्तकाकडे न बघता आपल्या आबांकडे, म्हणजे आमच्या व्याह्यांकडे, बघत राहिली. ओठ हलले, आवाज निघेना. आणि नियम म्हणजे नियम. आमचे व्याही उठले, फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. त्याबरोबर मितूचा बांध फुटला. "आबा, तुमचे पाय दुखते न! तुमी बसा. तुमी बसले त वाचतो मी."

"तू वाच, मंग बसतो."

"नाई, पह्यले बसा!"

साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? मॅडमनी हळू आवाजात सांगितलं. साहेब चकित होऊन म्हणाले, "म्हणजे चूक मुलांची आणि शिक्षा गुरुजींना?" सगळ्या वर्गाने माना डोलावल्या, आणि मागच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्या अभिमानाने म्हणाली, "म्हनून आमी चुकतच नाई साहेब. लय भेव लागते."

भेव. हा शब्द व्याह्यांच्या कानावर पडला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि तो मला विसरता येत नाही. ज्या माणसाने लेकरांना भेव नको म्हणून छडी मोडून टाकली, त्याच्या पायांचं भेव घेऊन ही लेकरं वर्षानुवर्षं पाटी धरत होती. गावाच्या खांद्यावर ठेवायचं ओझं नकळत एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर गेलं होतं. साहेबासमोर, शाळा राहते की जाते अशा वेळी, दुसरा कोणी असता तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. मी तर नेलीच असती. व्याही म्हणाले, "चूक माझी हाये." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, पण इतक्या हळू आवाजात पहिल्यांदाच. आणि मग ते चालत मितूपाशी आले आणि खाली, मुलांच्या बसायच्या पट्टीवर, मांडी घालून बसले. गुडघे असे कडकडले की साहेबही दचकले. "वाच माय," ते म्हणाले. "नाई आलं तरी मी बसूनच राहीन." मितूने डोळे पुसले आणि वाचायला लागली. मधे एका शब्दाला अडखळली, पटकन आबांकडे पाहिलं. ते बसलेलेच होते. तिने शब्द पुन्हा जुळवला आणि पुढे निघाली. चूक झाली की उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला होता. जन्मभराचा नियमच चुकला हे चारचौघांत कळल्यावर मुकाट्याने खाली बसणारा माणूसही तोच निघाला.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. ज्याला येत नाही त्याच्या शेजारी गुरुजी बसायचे, आणि उभे राहायचे ते फक्त मोठ्यांच्या चुकीसाठी. टाकीत पाणी नसलं, लेकराला कोणी वावरात नेलं, तर. साहेबांनी काय लिहिलं कोण जाणे, पण शाळा उघडी राहिली. निदान यंदा तरी आहे, पुढचं कोणी सांगत नाही.

व्याही निवृत्त झाले. गुडघे आता अगदीच गेलेत. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात. तिथून निंबाचा शेंडा दिसतो, बुडखा दिसत नाही. परवा मी गेलो होतो, शाळेची घंटा झाली, तसे म्हणाले, "इवाई, जरा पाहून येता काय? झाडाखाली कोनी उभं हाये का?" मी जाऊन आलो आणि सांगितलं, कोणी नाही. ते म्हणाले, "कोनी नाई म्हन्जे सारे लेकरं आले, का उभं राह्यनारंच कोनी नाई?"

मी पुन्हा शाळेकडे गेलो. व्याह्यांची जागा अजून भरलेली नाही; मॅडम एकट्या चारही वर्ग घेऊन बसल्या होत्या, बिचारीला खिडकीतून बघायलाही सवड नव्हती. फाटकातून एक पोरगी धापा टाकत आली, एक वेणी घातलेली, एक सुटलेली. आत जायच्या आधी तिने निंबाखाली पाहिलं. तिथली रिकामी जागा पाहून ती जी थबकली, ते मला काही बघवलं नाही. मी गेलो आणि उभा राहिलो. म्हटलं, "जा माय, वर्गात जा. वेणी मागून घालजो." रस्त्याने जाणारा एक जण सायकल थांबवून म्हणाला, "बाबूजी, तुमी काऊन उभे? तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, "आहे." एवढंच सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा एक प्रकरण पुढच्या टेबलावर न सरकवता मी चांगला पाऊण तास उन्हात उभा होतो.

परत आलो तर व्याही वाटच पाहत होते. म्हणाले, "कोनी उशिरा आलं होतं?"

"एक पोरगी आली."

"मंग, कोन उभं होतं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, गुडघे कडकडवत, हळूहळू उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा आता, इवाई," ते म्हणाले. मी नको नको म्हणत बसलो, आणि ते माझ्याशेजारी उभे राहिले. अंगणात खुर्ची एकच होती.