मिस्त्रीची जीभ

पोलादपूरचा तो मोटारीचा मिस्त्री भलताच सोवळा. कुणाच्या घरी पाण्याचा थेंब घेत नसे. रेडिएटरमधलं तांबडं पाणी मात्र बोटानं चाटायचा आणि वैद्याच्या थाटात सांगायचा, "गंज लय हाय. चिंचेचं पाणी उकळून ओतल्याबिगर निघायचा नाय."

एकदा तो माझ्या गाडीचं पाणी चाटत असतानाच मी म्हणालो, "येताना कशेडी घाटात गाडी तापली, तेव्हा हे पाणी महारवाड्यातल्या म्हातारीनं ओतलं."

"आधी नाय सांगायचं रे!" म्हणत तो थुंकत सुटला. गोमूत्रानं चूळ भरली, उरलेलं रेडिएटरमध्ये ओतलं आणि झाकण लावलं. "झाला शुद्ध!"

चिंच तशीच राहिली, गंजही.

परतताना कशेडीत गाडी पुन्हा तापली. त्याच म्हातारीनं कळशी आणली. मी कोण, हे न विचारता.