सॅडल मागितले, संदल मिळाला: जालना ते कुंभार पिंपळगाव, सायकलीने

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९३०, सकाळी सव्वासहा वाजता, जालन्यात बाबूमियांच्या सायकल दुकानासमोर माझ्यावर अन्याय झाला.

आमच्या घरी काम करणाऱ्या गंगूबाईबरोबर मी स्पष्ट निरोप पाठवला होता: शुक्रवारी सकाळपर्यंत सायकलीला सॅडल हवे, मोठे, आरामाचे. सॅडल म्हणजे बसायची गादी. गंगूबाईने ऐकला संदल. म्हणजे उरुसात दर्ग्यावर चंदन चढवायला निघते ती मिरवणूक. बाबूमियांनी माझी सायकल नवरीसारखी सजवली होती. हँडलला हिरवे कापड आणि झेंडूच्या माळा, चाकांच्या तारांत रंगीत कागद, मागच्या कॅरिअरवर पाट, पाटावर उगाळलेल्या चंदनाची पितळी वाटी. गादी मात्र जुनीच, उलट्या पाटीसारखी टणक.

"बाबूमियां, हे काय आहे?"

"संदल, बाईसाब. बडा और आरामवाला, बोल के गई गंगूबाई. कुछ मन्नत होगी समझा, पूछा नहीं."

"सॅडल! बसायचं सॅडल!"

"बैठने का तो पैलेसेच है ना. बिलकुल बराबर."

हा साज काढा म्हटले तर त्यांनी कानांना हात लावला. बांधलेला संदल मुक्कामाला पोचल्याशिवाय उतरवत नाहीत म्हणे. माळा तारेने आवळलेल्या, पक्कड त्यांच्या खिशात, आणि खिशावर त्यांचा हात.

थांबणे शक्य नव्हते. माझ्या बहिणीचे यजमान विश्वासराव देशमुख यांनी दिवाळीत चारचौघांत पैज लावली होती. "आक्का, तुम्ही जालन्याहून आमच्या गावापस्तोर सायकलीवर एकट्या येऊन दाखवा, शनिवारी दिवस मावळायच्या आत. मंग शांतीला शिकायला तुमच्याकडं धाडतो." शांता त्यांची मुलगी. तिची बुद्धी तिच्या वडिलांहून बरी आहे. मी जन्मभर मुलींना शिकवले, निवृत्त झाले. आता एका टणक गादीपायी ही मुलगी चुलीपुढे बसवू?

ज्यांना या रस्त्याने जायचे आहे त्यांनी नीट वाचावे. अंबडपर्यंत रस्ता मुरमाचा, पुढे गाडीवाट आणि काळी माती. टायर दगडासारखे फुगवू नका, हवा जरा कमी ठेवा. हँडल उंच आणि मागे वळलेले हवे, म्हणजे पाठ ताठ राहते आणि मनगटे दुखत नाहीत. लुगडे नेसत असाल तर साखळीला झाकण आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. आणि गादी! रुंद, खाली जाडजूड स्प्रिंगा असलेली. ती खुणेने नाही, तोंडी निरोपाने नाही, स्वतः बसून घ्यावी.

शहराबाहेर पडते न पडते तोच समोरच्या बैलगाडीवाल्याने गाडी बाजूला घेतली. त्याची बायको उतरली, वाटीत बोट बुडवून कपाळाला लावले आणि माझ्या पाया पडली.

"अहो, मी शिक्षिका आहे."

"असू द्या, माय," ती म्हणाली. "देवाला समदे चालतेत."

पुढच्या वस्तीवर बायका घागरी घेऊन आल्या आणि चाकांवर पाणी ओतू लागल्या. सायकल चिखलात रुतली. मी ओरडले, त्यांना वाटले अंगात आले, त्यांनी आणखी पाणी ओतले. एक मात्र सांगते, त्यानंतर हातावर आली ती गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. असे जेवण मला, मी शिकवत होते त्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये कधी मिळाले नाही.

रात्रीचा मुक्काम अंबडला, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे. मी जेवले उभ्यानेच. तिने सकाळी गादीवर गोधडीची घडी बांधून दिली. वाचकहो, गोधडी बांधू नका. ती घसरते, आणि आपण तिच्याबरोबर.

घनसावंगीच्या पुढे मागून ताशाचा आवाज आला. वळून पाहिले तर ताशेवाला, त्याच्यामागे पंधरावीस माणसे, दोन शेळ्या.

"तुम्ही कुठे निघालात?"

"संदलाबरोबर. कुठं चाल्लाय?"

"कुंभार पिंपळगावला."

त्यातला एक म्हातारा थबकला. "पर तिथं तर दर्गा न्हाई."

"न्हाई तर न्हाई," ताशेवाला म्हणाला. "संदल निघालाय म्हंजे आसंल कायतरी."

दिवस मावळायच्या आत मी गावात शिरले. तोवर अर्धा आठवडी बाजार मागे लागला होता. विश्वासराव ओट्यावरून उतरले, चपला काढल्या, वाटीत बोट बुडवले, भक्तीने कपाळाला लावले. मग मान वर केली आणि मला ओळखले.

"आक्का? मी एकट्या या म्हणल्तो."

"एकटीच आले."

"आन् ही वरात?"

"ती तिच्या पायांनी आली. मी माझ्या."

"ते न्हाई चालायचं. एकट्या म्हंजे एकट्या."

लोक हसू लागले. माझी बहीण दारात पदराने तोंड झाकून उभी, ती हसत होती की रडत होती मला कळले नाही. शांताने माझी सायकल धरली, वर बसून अंगणाला एक फेरी मारली, ताशा आणि माणसे तिच्या मागोमाग, आणि वडिलांना विचारले, "आबा, आता मी एकटी होते का मिरवणुकीत होते?"

विश्वासराव म्हणाले, "बघू."

मी बैलगाडीने आणि पुढे मोटारीने परत आले. बाबूमियांनी नवी गादी बसवून दिली आहे, तिच्यावर कसे वाटते ते अजून सांगता येत नाही, कारण मला अजून कशावरच बसता येत नाही. डोळ्यांपुढे मात्र त्या अंगणातली फेरी आहे. पहिल्याच बैठकीत मुलीने हँडल डगमगू दिले नाही.

विश्वासराव, हे छापील स्वरूपात तुमच्या गावी पोचेल अशी व्यवस्था मी केली आहे. मी एकटी निघाले, एकटीने पायडल मारले, वेळेत पोचले. गंध तुम्ही सगळ्यांदेखत लावलेत. शांता केव्हा येते, ते शनिवार, २९ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत लेखी कळवावे. तोंडी निरोप घेतला जाणार नाही. "बघू" हे उत्तर धरले जाणार नाही.