शोकसभेला पहिला मान

डहाणूच्या जुन्या सभागृहात लग्न असो, चिकू बागायतदारांचा मेळावा असो की निवडणुकीचं प्रशिक्षण, रखवालदार दामूकाकांच्या एका शब्दावर ते पुढे ढकललं जाई. कोणी गेलं आणि शोकसभा ठरली, की काका वहीतलं आधीचं नाव खोडत. "लग्नाला दुसरा मुहूर्त मिळतो, मास्तर. गेलेल्या माणसासाठी लोक एकदाच जमतात." निम्मं गाव त्यांच्यावर खार खाऊन होतं. मीही होतो, आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन त्यांनी दोनदा हलवलं होतं.

सभागृह नवं होतं तेव्हा बागांचे मालक आत खुर्च्यांवर बसत आणि मजूर खिडक्यांबाहेर उभे राहून भाषणं ऐकत. काकांचे वडील त्या मजुरांतले. खिडक्या पुसताना काका म्हणत, "हे गज बघा, धरून धरून गुळगुळीत झालेत." मला काही फरक दिसत नसे, पण मी मान डोलवायचो.

त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा साखरपुडा इथेच ठरला. आदल्या दिवशी वेवजीचा एक म्हातारा आला. पाड्यांवर रात्रीचे वर्ग चालवणारी त्याची बायको गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या शोकसभेचे निरोप पोचले होते, जागा मात्र मिळाली नव्हती. "बाहेरचा ओटा दिला तरी चालंल," तो म्हणाला. काकांनी त्याच्या हातात सभागृहाची किल्ली ठेवली.

साखरपुडा ओट्यावर झाला. आत माणसं रडत होती, बाहेर सुनंदा पाटावर मान खाली घालून बसली होती. मुलाच्या वडिलांनी पेढ्याला हात लावला नाही. आठवड्याभरात मुलाकडून, चिंचणीहून, लग्न मोडल्याचा निरोप आला. मी काकांना चांगलंच सुनावलं. ते एवढंच म्हणाले, "चुकलं असेल. पण त्याला ओट्यावर कसा बसवू?"

पुढे सुनंदाचं लग्न दुसरीकडे, गावातच झालं. काका थकल्यावर वही तिच्याकडे आली. गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या शोकसभेच्या दिवशी सभागृहात एक लग्न होतं. नवरीचे वडील धास्तावून माझ्याकडे आले. त्यांना घेऊन मी गेलो, तर सुनंदा ओट्यावर सतरंजी अंथरत होती.

"लग्न आतच होऊ द्या, सर," ती म्हणाली. "बाबांवर माझा राग नाही. पण ओट्यावर बसलेल्या नवरीला काय वाटतं, ते मला माहीत आहे."

मी काकांविषयी बोलायला उभा राहिलो आणि मला रडू आवरेना. आत सनई वाजत होती. सुनंदाने ती बंद करायला सांगितली नाही.