नरक्याचं पोतं

उंब्रजच्या स्टँडवर आबांनी पोतं एसटीच्या टपावर चढवलं, तसं कंडक्टरनं नाक दाबलं. "हवालदार, काय मेलंय काय ह्यात?"

"लेक म्हमईला औषध करती," आबा ऐटीत म्हणाले. "तिचा माल हाय."

पोत्यात आमच्या पाटणच्या डोंगरातल्या नरक्याचं लाकूड होतं. झाडाचा वास नावाला शोभेल असाच. मुंबईच्या ज्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती, तिथल्या सरांना तेच हवं होतं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आबा भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून उभे होते. मफलरखालच्या गाठीला मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं होतं आणि उशीर झालाय असंही सांगितलं होतं. बस हलली तेव्हा आबा खिडकीशी आले. "ह्यातनं माजं औषध निगंल का गं, बाय?"

"निगंल आबा, पन येळ लागंल."

ते हसले. मी मात्र स्टँड दिसेनासा होईपर्यंत मागं बघत राहिले, कारण वेळच त्यांच्याकडे नव्हता.

मुंबईत आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. माझ्या साड्यांना येणाऱ्या वासावरून दोघी नाकं मुरडायच्या. मला त्याच वासानं घर आठवायचं. लॅबमध्ये लाकूड कुटायचं, स्पिरिटमध्ये उकळायचं, अर्क आटवायचा, की शेवटी फिकट पिवळी चिमूटभर पूड हाती लागे. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी तिनं पटापट मरत. पण चांगल्याही मरत. पेशीत ती नेमका कुठं घाव घालते, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. सर म्हणत, "चोर मारायला घर पेटवतोय आपण." मग बातमी आली की अमेरिकेत हे औषध दिलेल्या रोग्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि ट्रायल थांबली. दिवाळीला जाऊन आबांना समोर बसवून हे समजावायचं, असं ठरवून मी निघाले.

दिवाळीत घराला तळणीचा वास हवा. मला अंगणातच नरक्याचा आला, आणि मी तशीच आत धावले.

चुलीवर पातेलं रटरटत होतं. आई रडून रडून थकली होती. "शेळी ज्याला तोंड लावत न्हाई, ते मानसानं पिऊ न्हाई, किती सांगितलं म्या. ऐकतील तर!"

आबा खाटेवर होते. निम्मे झालेले, ओठ सोललेले. "ब्रह्मदेशाच्या लढाईत हिवतापावर कुनैन खाल्ली न्हवं आमी? ती बी झाडाची सालच की. सायेब तोंड उघडून बघायचा, गिळली का न्हाई. तवा जगलो. आन् ही तर माज्या लेकीची हाय."

"आबा, इख हाय ते!" मी ओरडले.

"आसंल. ह्या गाठीला बी इखच पायजे."

मी पातेलं उकिरड्यावर ओतलं. तुळशीच्या लग्नाआधीच आबा गेले. गाठीनं गेले की काढ्यानं, हे मला आजही सांगता येत नाही, आणि याचा मला भयंकर राग येतो.

घावाची जागा पुढं बऱ्याच वर्षांनी सापडली. पेशी दुभागताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, त्यालाच ही पूड जखडून टाकते. त्या पुडीत फेरफार करून औषधंही झाली. आणि त्या लाकडासाठी आमच्या डोंगरात ट्रक शिरले. मागच्या खेपेला गेले तेव्हा जिथं नरक्याची राई होती तिथं नुसते खुंट होते, आणि गावातल्या पोरांना झाडाचं नावही माहीत नव्हतं.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर म्हटलं की तुम्हाला काय आठवत असेल ते असो. मला ते पातेलं आठवतं. हॉस्पिटलात देतात त्या नरक्याच्या औषधाला कसलाच वास नसतो. तरी कामानिमित्त बाटली हाती आली, की मी अजून हुंगून बघते.