कानात कुर्र, पाठीत धपाटा

माझा आवाज मोठा आहे. हे मी अगदी नम्रपणे सांगतेय, पण मी नम्रपणे सांगितलेलंही शेजारच्या वॉर्डात ऐकू जातं. सोलापुरात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना होता. तिकडं माग सुरू झाले की इकडं आई "भाकरी खाऊन घे" हेसुद्धा घराला आग लागल्यासारखं ओरडून सांगायची. त्या घरात हळू बोलणारं माणूस उपाशीच राहिलं असतं. आता अशा बाईला देवानं नोकरी कुठली द्यावी? नवजात बाळांचे कान तपासण्याची!

काम तसं सोपं. मोबाइलएवढं यंत्र, त्याला वायर, वायरच्या टोकाला रबराची इवलीशी टोपी. ती बाळाच्या कानात बसवायची. यंत्र बारीक आवाज आत सोडतं आणि कानाकडून आलेलं उत्तर टिपतं. पडद्यावर 'पास' आलं की सुटलो. 'रेफर' आलं तर थोड्या दिवसांनी पुन्हा तपासायचं, कारण नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानात ओल असते, मळ असतो. पुन्हा 'रेफर' आलं तर मग मोठी तपासणी. अट एकच, बाळ झोपलेलं हवं आणि खोलीत शांतता हवी.

शांतता, आणि ती बाळंतिणींच्या वॉर्डात! डब्यांची झाकणं पडतायत, कुणाचा मामा फोनवर अख्ख्या दुधनी गावाला पेढ्यांचा हिशोब सांगतोय. मी लोकांना गप्प बसवायला चार भाषा शिकले. अक्कलकोटकडच्या बायकांना कानडीत "सुम्म कूडरी", विणकरांच्या घरातल्यांना तेलुगूत "सप्पुडु चेय्यकंडि", कुणाला "चुप बैठो अम्मा", बाकीच्यांना आपलं "गप बसा की हो!" आणि चारही भाषांत मीच अशी ओरडते, की निजलेलं बाळ माझ्याच आवाजानं उठतं. सिस्टर म्हणते, "मॅडम, तुम्ही बाहेर थांबा, मी तपासते." नवरा म्हणतो, "एकदा स्वतःच्या कानाला लाव ते यंत्र." दोघांचंही मी मनावर घेत नाही.

मोहोळकडची एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ती आमच्याकडं बाळंत झाली. मुलगी झाली. दोन्ही कानांना 'रेफर' आलं. मी नेहमीचं सांगितलं, घाबरू नका, पण बाराव्या दिवसानंतर परत आणा, आणि कानात तेल अजिबात घालू नका.

बाळाच्या आजीनं, म्हणजे त्या मुलीच्या आईनं, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. घरी शेळ्या पाळणारी खमकी बाई. पिशवीतून तिनं जेवणाची थाळी काढली, बाळाच्या तोंडासमोर धरली आणि चमच्यानं वाजवली. बाळानं डोळे मिचकावले.

"ऐकती की! माज्या करडांचं कान मी असंच बगते. आजवर एकबी चुकलं न्हाय."

"आजी, तिला तुमचा हात दिसतो. वारा लागतो. थाळीनं कळत नाही."

"आन तुमच्या त्या मोबाइलला कळतंय व्हय?"

"कळतं!" मी म्हणाले. म्हणाले कसली, वॉर्डभर जाहीर केलं. त्यामुळं सगळ्या खाटांना समजलं, की या घरच्या पोरीच्या कानात काहीतरी आहे. आजीचं तोंड लाल झालं. "पोरीच्या जातीला जलमल्या जलमल्या बहिरी म्हन्ती ही बया," म्हणून तिनं थाळी पिशवीत घातली, ती वर्षभर पुरेल एवढा राग धरूनच. माझी जीभ अशी, आमच्या घरची म्हातारी म्हणायची तशी, हाड नसलेली.

खरं तर बाळ बहिरं निघणं हे काही सगळ्यात वाईट नव्हे. वाईट ते उशिरा कळणं. पहिल्या काही महिन्यांत कळलं, कानाला ऐकण्याचं यंत्र लागलं, तर पोर बोलायला शिकतं. नाहीतर घरचे म्हणत बसतात, बापही उशिराच बोलला होता, बोलेल की. तोवर वर्षं जातात आणि ती परत मिळत नाहीत. बाळाच्या आईला हे पटलं होतं. पण बाळंतीण माहेरी असते तेव्हा तिथं तिचं नाही, तिच्या आईचं चालतं.

बाळाच्या आईचाच फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आई न्हाय म्हन्ती. रोज थाळी वाजवती आन सगळ्यास्नी दावती. तुमी बारशाला या की. लोकांसमोर सांगितलं तर ऐकंल."

लोकांसमोर सांगून मी काय दिवे लावले होते ते तिलाही माहीत होतं. तरी गेले. झबलं-टोपडं घेतलं आणि मोहोळची एसटी पकडली. वाटेत मनातल्या मनात भाषण घोकत होते, तर पुढच्या सीटवरचे काका वळून म्हणाले, "काय झालं ताई? कुणाशी भांडण हाय का?"

दारात मला बघून आजीच्या कपाळाला आठी पडली. पण बारशाला आलेल्या बाईला कोण परत पाठवणार? पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या. अडलं होतं ते आत्यावाचून. बाळाच्या बापाला सख्खी बहीण नव्हती आणि वैरागहून येणारी चुलत बहीण ऐनवेळी आली नाही. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं ते आत्यानं, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत.

आजीनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मला तिच्या तोंडावर हसू दिसलं. "ह्या कानाच्या मॅडम हायत की. ह्यास्नीच करू आत्या. फुडं या. पाठ मोकळी सोडा."

रीतसर मारायची संधी मिळाली होती, ती सोडेल कशी! मी पाळण्यावर वाकले. बाळ दूध पिऊन गाढ झोपलं होतं, मूठ गालाला लावून. मी जन्मात पहिल्यांदा कुजबुजायचं ठरवलं. "कुर्र..." एवढंच म्हटलं आणि पाठीवर पाऊस पडला. पोरांचे धपाटे मी सोसले असते, पण मधेच शेळ्यांच्या मागं फिरून घट्ट झालेला एक हात पडला आणि बाळाच्या कानाशी मी अशी किंकाळी फोडली, की दारातल्या शेळ्या बें बें करायला लागल्या. बाळंतिणीच्या जावेच्या मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. बायका पोट धरून हसत होत्या.

पाळण्यातली पोरगी मात्र झोपलेलीच होती. मूठ गालावरून हललीसुद्धा नव्हती.

हसता हसता आजी थांबली. तिनं कोनाड्यातली थाळी उचलली. आजवर ती तोंडासमोर वाजवायची, आता पाळण्याच्या डोक्याकडं, मागं जाऊन उभी राहिली. वाजवली. मग आणखी जोरात वाजवली. बायकांचं हसू विरलं.

खरं सांगायचं तर त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. पेंगलेलं बाळ ढोल वाजला तरी झोपतं. थाळी खोटी, तर माझी किंकाळीही खोटीच. हे आजीला सांगायला हवं होतं. पण मी तिचा चेहरा बघितला. पाठ केलेलं भाषण तसंच पोटात राहिलं.

"सोमवारी आनू का तिला?" आजीनं थाळी खाली ठेवत विचारलं.

सोमवारी पुन्हा 'रेफर' आलं. पुढं मोठी तपासणी झाली, यंत्राशिवाय तिला ऐकू येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि समजावून द्यायला मला पुढं केलं. एवढा माझा घसा, पण त्या दिवशी माझं मलाच ऐकू येत नव्हतं. आजी म्हणाली, "मोठ्यानं सांगा की. रोज वरडता, आज काय झालं?" मग मी सांगितलं, आणि आम्ही दोघीही रडलो. बाळाची आईच तेवढी रडली नाही. यंत्र कधी लागेल, एवढंच तिनं विचारलं.

काही महिन्यांनी यंत्रं बसली, दोन्ही कानांमागं, घेवड्याच्या दाण्याएवढी. ती सुरू करायच्या दिवशी आजी नवं लुगडं नेसून माझ्या तपासणीच्या खोलीत आली, पिशवीत डबाभर घुगऱ्या घेऊन.

"हे कशाला, आजी?"

"पयल्या बारशाला नाव तिला पोचलंच न्हाय. मंजी बारसं झालंच न्हाय. वाका."

यंत्रं सुरू झाली. पोरगी आईच्या मांडीवर मूठ चोखत होती. मी वाकले आणि जमेल तितक्या हळू म्हणाले, "कुर्रर्र." तिचं मूठ चोखणं थांबलं. डोळे इकडं तिकडं फिरले आणि माझ्या तोंडावर येऊन थांबले. मी तिला तिचं नाव सांगितलं.

माझ्या डोळ्यांत पाणी येणार, तेवढ्यात पाठीत असा धपाटा बसला, की माझ्या तोंडून परत तीच किंकाळी निघाली. पोरगी दचकली. खालचा ओठ थरथरला आणि तिनं भोकाड पसरलं.

रडणाऱ्या बाळांना गप्प करायचं, हेच त्या खोलीतलं माझं काम. त्या दिवशी मी तिला गप्प केलं नाही. तिच्या आईनंही नाही. आजी दार उघडून बाहेर बाकावर बसलेल्या परक्या माणसांना माझ्याहून मोठ्या आवाजात सांगत सुटली होती, "रडली हो! आमची पोरगी दचकून रडली!"